बिल्ला कोण तपासतो? वेब अ‍ॅप्लिकेशन पारखताना

वेब अ‍ॅप्लिकेशनची तपासणी शिकायला बसलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो ‘टूल कोणते वापरू?’ हा. उत्तरे भरपूर मिळतात: बर्प, झॅप, निक्टो, एसक्यूएलमॅप, सेलेनियम, प्लेराइट, जेमीटर. त्यांतली चार इन्स्टॉल होतात, एकाला साइटचा पत्ता दिला जातो, ते तासभर घरघरते आणि शेवटी जाडजूड पीडीएफ बाहेर टाकते. त्यात ‘मध्यम’ तीव्रतेचे ढीगभर मुद्दे असतात. त्यांपैकी कोणत्यामुळे कोणाचे नेमके काय बिघडेल, हे ना तपासणाऱ्याला सांगता येते ना बनवणाऱ्याला. पीडीएफ फाइलला लागते आणि काम ‘झाले’ म्हणून नोंदवले जाते. माझ्या मते या क्रमातच घोळ आहे. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात सतत जी देवाणघेवाण चाललेली असते ती ओळीओळीने वाचता येणे, हे या कामातले मूळ कौशल्य. ते अंगी असेल तर दोन-तीन फुकट मिळणाऱ्या अवजारांवर बरेच निभते. ते नसेल तर महागड्या परवान्याचे सॉफ्टवेअरही नुसता कागद छापत राहते. म्हणून या लेखात अवजारे येतील ती त्या वाचनाच्या ओघात, जिथे लागतील तिथे.

वाचायचे काय ते आधी पाहू. ब्राउझर एक रिक्वेस्ट पाठवतो: अमुक पान द्या, सोबत हे हेडर, ही कुकी, हा फॉर्ममधला मजकूर. सर्व्हर रिस्पॉन्स देतो: एक आकडा, काही हेडर आणि मजकूर. आकडा २०० असेल तर ‘घ्या’, ३०२ असेल तर ‘तिकडे जा’, ४०१ म्हणजे ‘आधी ओळख सांगा’, ४०३ म्हणजे ‘ओळखले, पण हे तुमच्यासाठी नाही’, ४०४ म्हणजे ‘असे काही इथे नाही’ आणि ५०० म्हणजे ‘माझेच काहीतरी बिनसले’. या संवादाचा स्वभाव असा की त्याला स्मरणशक्ती नाही. आत्ता लॉगिन करून गेलेला माणूस पुढच्या क्षणी परत आला तर सर्व्हरला तो अनोळखीच. या विसराळूपणावर उतारा म्हणून नेटस्केपमधल्या लू माँटुली यांनी १९९४ साली कुकी आणली. देवळाबाहेरच्या चपलांच्या स्टँडवर मिळणारा बिल्ला आठवा, म्हणजे कुकी कळेल. स्टँडवाला तुमचा चेहरा लक्षात ठेवत नाही. बिल्ला दाखवा, चपला घ्या. बिल्ला हरवला आणि दुसऱ्याला सापडला, तर चपला त्याच्या. आता असा स्टँडवाला डोळ्यांसमोर आणा, जो गर्दीत बिल्ला बघतच नाही, ‘एकशे बेचाळीस’ असे नुसते ओरडले की एकशे बेचाळीस नंबरची जोडी काढून देतो. वेबवरच्या अ‍ॅप्लिकेशनांत सापडणारा सर्वांत नेहमीचा आणि सर्वांत घातक दोष हाच आहे, आणि तो पडद्याकडे कितीही टक लावून पाहिले तरी दिसत नाही.

एक उदाहरण जवळून पाहू. समजा एका गृहनिर्माण संस्थेने मेंटेनन्सच्या पावत्यांसाठी छोटे वेब अ‍ॅप्लिकेशन करून घेतले आहे. सभासद लॉगिन करतो, आपल्या पावत्यांची यादी पाहतो, हवी ती उघडतो. तपासणीला बसण्याआधी तीन खाती मागून घ्या: एक फ्लॅट ३०२ चे, एक फ्लॅट ५०४ चे, एक सेक्रेटरीचे. ही मागणी ऐकून बनवणारे बहुधा बुचकळ्यात पडतात, पण एकाच खात्याने केलेली तपासणी ही एकाच पायावर केलेली कसरत आहे. ३०२ ने लॉगिन करा, एफ १२ दाबा, नेटवर्क टॅब उघडा आणि मग पावतीवर क्लिक करा. डाव्या बाजूला एक नवी ओळ उमटेल. तिच्यावर टिचकी मारली की रिक्वेस्ट दिसते: पावती क्रमांक ४०१७, सोबत सेशनची कुकी. रिस्पॉन्सचा आकडा २००. आता पडद्यावर दिसणारी पावती आणि नेटवर्क टॅबमध्ये आलेला कच्चा मजकूर शेजारी शेजारी ठेवून वाचा. पडद्यावर तारीख, रक्कम आणि शिल्लक एवढेच आहे. कच्च्या मजकुरात मात्र सभासदाचा मोबाइल नंबर, ईमेल, पॅन क्रमांक, शिवाय ‘सेक्रेटरीचा शेरा’ नावाचा रकाना आहे. डेटाबेसची अख्खी ओळ उचलून पाठवली आणि दाखवायचे तेवढे ब्राउझरने दाखवले, असा हा प्रकार. अजून कुठेही काही ‘हॅक’ केलेले नाही, फक्त वाचले आहे, आणि एक दोष हाती लागला. पुढची पायरी: फायरफॉक्समध्ये त्याच ओळीवर राइट क्लिक करून रिक्वेस्ट बदलून पुन्हा पाठवायची सोय आहे; क्रोममध्ये तीच ओळ ‘कर्ल’च्या आज्ञेच्या रूपात कॉपी करून टर्मिनलमध्ये चालवता येते. कुकी ३०२ चीच ठेवा आणि पावती क्रमांक ५०४ च्या पावतीचा घाला. ४०३ किंवा ४०४ आला तर स्टँडवाला बिल्ला बघतो. २०० आला आणि शेजाऱ्याची पावती समोर उघडली, तर नुसते ओरडणे पुरते.

हे उदाहरण बालिश वाटू शकते. एवढी ढोबळ चूक कोणती मोठी कंपनी करेल? मे २०१९ मध्ये पत्रकार ब्रायन क्रेब्स यांनी उघड केले की अमेरिकेतील फर्स्ट अमेरिकन या मालमत्तेच्या व्यवहारांचा विमा उतरवणाऱ्या बड्या कंपनीच्या वेबसाइटवर नेमके हेच चालू होते. कागदपत्राच्या लिंकमधला आकडा एकने बदलला की दुसऱ्या कोणाच्या तरी घरखरेदीचे कागद उघडत. बँक खात्यांचे तपशील, सोशल सिक्युरिटी क्रमांक, ओळखपत्रे, सगळे त्यात. लॉगिनसुद्धा लागत नव्हते. २००३ पासूनची सुमारे ८८.५ कोटी कागदपत्रे अशी पोहोचण्याजोगी होती. वेब-सुरक्षेच्या क्षेत्रात प्रमाण मानल्या जाणाऱ्या ओवॅस्प या संस्थेच्या दहा प्रमुख धोक्यांच्या यादीत ‘कोणाला काय पाहू द्यायचे याचे नियंत्रण मोडलेले असणे’ हा दोष २०१७ साली पाचव्या क्रमांकावर होता. २०२१ च्या आवृत्तीत तो पहिल्या क्रमांकावर आला.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे: हे सगळे हाताने कशाला? स्वयंचलित स्कॅनर आहेत की. स्कॅनर हवेतच. जुनी लायब्ररी, सर्व्हरची कालबाह्य आवृत्ती, कुकीवर ‘सिक्युअर’ किंवा ‘एचटीटीपी-ओन्ली’ ही खूण नसणे, फॉर्ममध्ये अवतरणचिन्ह टाकले की डेटाबेस कोलमडणे, या गोष्टी शेकडो पानांवर न कंटाळता तपासणे यंत्राचेच काम आहे. झॅप हे मुक्तस्रोत स्कॅनर २०१० पासून फुकट उपलब्ध आहे आणि घरगुती कामाला उत्तम आहे. पण शेजाऱ्याच्या पावतीचा दोष स्कॅनरला का सापडत नाही, हे समजून घ्या. त्याच्या लेखी रिक्वेस्ट गेली, २०० आला, नीटनेटका मजकूर आला, सगळे आलबेल. ती पावती ५०४ ची आहे आणि ३०२ ने ती पाहायला नको, हा नियम कोडमध्ये लिहिलेला नसतो. तो संस्थेच्या व्यवहारात असतो, माणसांच्या डोक्यात असतो. बर्पसारख्या साधनांत दोन खात्यांच्या उत्तरांची तुलना करणारे जोड-प्रोग्राम आहेत, पण कोणते खाते कोणाचे आणि कोणी काय पाहावे, हे त्यांनाही आधी माणसानेच सांगावे लागते.

आणि स्कॅनरने ‘काही नाही’ म्हटले, याचा अर्थ ‘काही नाही’ असा होत नाही. इक्विफॅक्स या अमेरिकी पतमापन कंपनीचे प्रकरण या बाबतीत मुळातून समजून घ्यावे असे आहे. ७ मार्च २०१७ रोजी अपाचे स्ट्रट्स या चौकटीतला (फ्रेमवर्कमधला) एक गंभीर दोष जाहीर झाला, दुरुस्तीही सोबतच मिळाली. कंपनीने सुमारे आठवडाभराने स्कॅनर चालवला. तो दोष असलेले ग्राहक-तक्रारींचे पोर्टल इंटरनेटवर उघडे असूनही स्कॅनरच्या नजरेतून निसटले, कारण तो जिथे शोधत होता तिथे ते नव्हते. मे महिन्यात चोर आत शिरले आणि जवळपास अडीच महिने वावरले; सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली. या कथेतला दुसरा तपशील मला अधिक बोलका वाटतो. एन्क्रिप्ट केलेली ये-जा उलगडून तपासणारे एक उपकरण कंपनीकडे होते, पण त्याच्या सर्टिफिकेटची मुदत कित्येक महिन्यांपूर्वी संपल्याने ते आंधळे झाले होते. जुलैच्या अखेरीस सर्टिफिकेट नवे घातले आणि संशयास्पद ये-जा जवळजवळ लगेच दिसू लागली. स्कॅनरला जे सापडले नव्हते, ते संवाद वाचता येऊ लागल्याबरोबर सापडले.

दुसरा आक्षेप कुलपाच्या चिन्हाचा. साइट एचटीटीपीएसवर आहे, मग मध्ये कोण ढवळाढवळ करणार? कुलूप वाटेतल्या तिऱ्हाइतासाठी आहे. ज्याच्या हातात ब्राउझर आहे तो तिऱ्हाईत नाही, तो संवादातला एक पक्षच आहे, आणि आपण काय बोलायचे ते तो बदलू शकतो. बर्प, झॅप किंवा मिटमप्रॉक्सी ही साधने नेमके हे सोपे करतात. त्यांचे सर्टिफिकेट आपल्याच ब्राउझरमध्ये विश्वासाचे म्हणून नोंदवायचे, ब्राउझरची सगळी ये-जा त्यांच्यामार्फत न्यायची, म्हणजे प्रत्येक रिक्वेस्ट वाटेत थांबवून वाचता येते, बदलता येते. (यासाठी वेगळे ब्राउझर प्रोफाइल ठेवा. ज्या प्रोफाइलमधून बँकेचे व्यवहार करता तिथे असले सर्टिफिकेट ठेवणे म्हणजे घराची किल्ली पायपुसण्याखाली ठेवणे.) बर्पच्या फुकट आवृत्तीत ‘रिपीटर’ नावाचा भाग आहे, एकच रिक्वेस्ट थोडीथोडी बदलून पुन:पुन्हा पाठवायला त्याच्याइतके सोयीचे दुसरे काही नाही. आता पावती भरण्याच्या पानावर जा. रक्कम ३,२०० रुपये छापलेली आहे, सभासदाला ती बदलता येत नाही, रकाना करडा आहे. पण ‘भरा’ दाबल्यावर जी रिक्वेस्ट जाते तिच्यात रक्कम लिहिलेली आहे का ते पाहा. असेल, तर ती १ करून पाठवा. शून्य करून पाठवा. उणे ३,२०० करून पाठवा. सर्व्हरने स्वतः हिशेब न मांडता ब्राउझरने सांगितलेला आकडा मान्य केला, तर करडा रकाना ही नुसती रंगरंगोटी होती. पडद्यावरची सगळी बंधने, म्हणजे न दाबता येणारे बटण, ठरावीक पर्यायांची यादी, ‘फक्त दहा अंक’ असा इशारा, ही प्रामाणिक माणसाच्या सोयीसाठी असतात. अप्रामाणिक माणूस ब्राउझर वापरतोच असे नाही.

इनपुटची गोष्ट निघालीच आहे तर मराठी वाचकाने जिथे हटकून थांबावे अशी जागा येते. तपासणीची बहुतेक तयार पुस्तके इंग्रजी अक्षरे गृहीत धरतात, त्यामुळे देवनागरीत सापडणारे दोष आपल्यालाच शोधावे लागतात. ‘लक्ष्मीबाई’ हे नाव घ्या. डोळ्यांना चार अक्षरे दिसतात. युनिकोडच्या हिशेबात ल, क, हलन्त, ष, हलन्त, म, दीर्घ वेलांटी, ब, काना, ई अशी ती दहा चिन्हे आहेत, आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी तीन बाइट धरले तर तीस बाइट. ओरॅकल डेटाबेसमध्ये मजकुराच्या रकान्याची लांबी, मुद्दाम वेगळे सांगितले नाही तर, बाइटमध्ये मोजली जाते. म्हणजे तीस लांबीच्या रकान्यात लक्ष्मीबाई काठोकाठ बसतात आणि आडनावाची जागा उरत नाही. फॉर्म म्हणतो ‘तीस अक्षरे चालतील’, ब्राउझर मान डोलावतो, सर्व्हर ५०० देतो. दुसरे उदाहरण ‘कऱ्हाड’. त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकदा ‘ऱ’ या स्वतंत्र चिन्हाला हलन्त जोडून, एकदा साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, मशिनसाठी ते दोन वेगळे शब्द आहेत, आणि युनिकोडचे नेहमीचे प्रमाणीकरणही त्यांना एक करत नाही. एका कीबोर्डने नोंदवलेला कऱ्हाडचा पत्ता दुसऱ्या कीबोर्डने शोधल्यावर सापडला नाही, तर वापरणारा बिचारा स्वतःलाच दोष देतो.

तिसरे उदाहरण अंकांचे, आणि ते थेट सुरक्षेला भिडते. देवनागरी अंकांत लिहिलेला ४०१७ जावास्क्रिप्टला आकडा म्हणून दिला तर ते ‘हा आकडाच नाही’ म्हणते. पायथनला दिला तर तो निमूटपणे चार हजार सतरा समजतो, जावाचेही तसेच. म्हणजे ब्राउझरमधला जावास्क्रिप्टचा पहारा जी गोष्ट नाकारतो ती सर्व्हरवरचा पायथन स्वीकारतो. समजा सर्व्हरवर एका थराने ‘ही पावती वादग्रस्त आहे, दाखवू नका’ अशी बंदी इंग्रजी अंकांतला मजकूर जसाच्या तसा जुळवून घातली आहे, आणि पुढच्या थराने त्या मजकुराचा आकडा केला. देवनागरीत लिहून पाठवलेला क्रमांक पहिल्या थरातून सुटतो आणि दुसऱ्यात बरोबर पोहोचतो. दोन थरांची भाषा जिथे जुळत नाही तिथे भगदाड असते, हे सूत्र परदेशी पुस्तकांतही आहे. आपल्याकडे त्याला आयती सामग्री मिळते एवढेच. म्हणून प्रत्येक रकान्यात देवनागरी अंक, जोडाक्षरांनी भरलेले नाव, एक इमोजी आणि एक एकेरी अवतरणचिन्ह टाकून पाहायची सवय लावा. दहा मिनिटांचे काम आहे.

वेगाची तपासणीही याच नेटवर्क टॅबमध्ये सुरू होते. प्रत्येक ओळीपुढे एक आडवी पट्टी असते. त्या पट्ट्यांचा उतरता जिना पाहिला की पान कुठे अडते ते कळते. पहिली पट्टीच लांब असेल तर सर्व्हर विचारात पडला आहे. पहिली चटकन संपून पुढे मोठाल्या पट्ट्या असतील तर अवाढव्य फोटो किंवा जावास्क्रिप्टचे ओझे आहे. तिथेच ‘स्लो फोरजी’ निवडून पाहा. ऑफिसच्या फायबर लाइनवर सगळ्याच साइट चपळ असतात. गूगलने घालून दिलेले मापदंड ढोबळमानाने पुरेसे आहेत: पानातला सर्वांत मोठा भाग अडीच सेकंदांत दिसावा, क्लिकला २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा, आणि हे शंभरांतल्या किमान पंचाहत्तर भेटींना खरे असावे. सरासरीवर मात्र भरवसा ठेवू नका. शंभर रिक्वेस्टपैकी पंच्याण्णव ०.२ सेकंदात आल्या आणि पाचांना १२ सेकंद लागले, तर सरासरी ०.७९ सेकंद येते आणि अहवालात ती देखणी दिसते. त्या पाच जणांनी तोवर पान बंद केलेले असते. जेमीटरसारख्या साधनाने एकाच वेळी शेकडो ग्राहकांचे सोंग आणता येते, पण सोंग खऱ्या गर्दीसारखे हवे. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी ठरलेल्या मिनिटाला अख्खा महाराष्ट्र एकाच पानावर धडकतो. तिथे तासाभरात हळूहळू वाढवत नेलेला भार तपासून काहीच कळत नाही. शून्यावरून एकदम शिखर गाठणारा भार लावावा लागतो. गर्दीचाच छोटा भाऊ म्हणजे एकाच माणसाने एकाच क्षणी पाठवलेल्या दोन रिक्वेस्ट. ‘भरा’ची रिक्वेस्ट रिपीटरमध्ये दोन-तीन प्रती करून एकदम सोडा. एकदाच लागायला हवी ती सवलत तीनदा लागली, तर वेगाच्या तपासणीतून हिशेबाचा दोष निघाला.

आता परवानगीविषयी, कारण वर सांगितलेले सगळे तंत्र चोराच्याही उपयोगाचे आहे. भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीशिवाय संगणकयंत्रणेत शिरणे किंवा तिथला डेटा उतरवून घेणे ही नुकसानभरपाई देण्याजोगी कृती आहे, आणि हेच अप्रामाणिक हेतूने केले तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. ‘मी फक्त बघत होतो’ या बचावावर विसंबू नका. कोणती साइट, कोणती खाती, कोणत्या तारखा, कोणत्या वेळा, भाराची चाचणी करायची की नाही, हे लेखी घ्या. ईमेलही चालेल, पण लेखी हवे. दोष सिद्ध करण्यासाठी शेजाऱ्याची एक पावती पुरे. पाचशे पावत्या उतरवून घेणे हा पुरावा होत नाही, तो गुन्हा होतो. दुसऱ्याच्या साइटवर काही सहज दिसले, तर मालकाला किंवा सर्ट-इन या सरकारी यंत्रणेला कळवून थांबा. सरावासाठी मुद्दाम भोके ठेवून बनवलेली अ‍ॅप्लिकेशने आहेत: ओवॅस्पचे ज्यूस शॉप आणि वेबगोट. ती आपल्याच लॅपटॉपवर चालवा. बर्प बनवणाऱ्या पोर्टस्विगरची ऑनलाइन प्रशिक्षणशाळाही फुकट आहे, आणि तिथले धडे कित्येक सशुल्क अभ्यासक्रमांपेक्षा सरस आहेत.

याच ओघात एक खबरदारी. नेटवर्क टॅबमधली सगळी नोंद ‘हार’ फाइल म्हणून साठवता येते आणि बनवणाऱ्याला पाठवायला ती सोयीची असते. पण तिच्यात कुकी असू शकते, म्हणजे जिवंत बिल्ला. ऑक्टोबर २०२३ मध्ये लॉगिनची सेवा पुरवणाऱ्या ओक्टा या कंपनीच्या ग्राहक-मदत यंत्रणेत घुसखोरी झाल्याचे उघड झाले. ग्राहकांनी अडचण दाखवण्यासाठी चढवलेल्या हार फाइलींमधून चोरांनी सेशनचे टोकन उचलले आणि पासवर्ड न लागता काही ग्राहकांच्या खात्यांत शिरकाव केला. फाइल पाठवण्याआधी कुकीच्या ओळी खोडा आणि लॉगआउट करा. लॉगआउट केल्यावर जुनी कुकी घालून तीच रिक्वेस्ट पुन्हा पाठवून पाहा. २०० आला, तर ‘लॉगआउट’ हे बटण नुसते पान बदलत होते, आणि अहवालात आणखी एक नोंद वाढली.

तिसरा आक्षेप बनवणाऱ्यांकडून येतो: आजकालच्या चौकटी हे सगळे आपोआप सांभाळतात, जँगो, लाराव्हेल, स्प्रिंग यांत सुरक्षा अंगभूत आहे, आणि आता तर एआय कोड लिहून देते, तपासूनही देते. यातला अर्धा भाग खरा आहे. डेटाबेसला फसवणारी अवतरणचिन्हे, पानात घुसवलेल्या स्क्रिप्ट यांना या चौकटींनी बराच आळा घातला आहे. पण ‘पावती ज्याची त्यालाच’ हा नियम जँगोला कुठून माहीत असणार? तो लिहावा लागतो, आणि प्रत्येक नव्या दारावर पुन्हा लिहावा लागतो. एआयने लिहिलेला कोड सहसा मागितले तेवढे चोख करतो. ‘पावती दाखव’ असे मागितले तर तो पावती दाखवतो. आणि एआयकडूनच तपासून घेताना ते जे वाचते तो कोड असतो, संस्थेचे उपविधी नसतात. ‘आमची साइट छोटी, आमच्याकडे कोण येणार’ हे म्हणणे तर लगेच निकालात निघते: सार्वजनिक साइटच्या सर्व्हरची लॉग फाइल उघडून पाहा. वर्डप्रेस नसलेल्या साइटवरही वर्डप्रेसचे लॉगिन पान शोधत फिरणाऱ्या यंत्रांच्या रिक्वेस्ट तिथे सापडतील. त्यांना छोटे-मोठे कळत नाही.

राहता राहिला अहवाल. फर्स्ट अमेरिकनच्या प्रकरणात नियामकांच्या चौकशीतून पुढे आलेली गोष्ट अशी की तो दोष कंपनीच्या स्वतःच्या तपासणीत डिसेंबर २०१८ मध्येच सापडला होता. क्रेब्स यांची बातमी येईपर्यंत तो दुरुस्त झाला नाही, आणि वरच्या अधिकाऱ्यांपर्यंत तर ती नोंद पोहोचलीच नव्हती. सापडलेली गोष्ट वाचणाऱ्याला टोचेल अशी लिहिली नाही तर सापडून उपयोग नाही. ‘ऑथरायझेशन नियंत्रणात त्रुटी, तीव्रता मध्यम’ असे लिहिण्याऐवजी लिहा: ‘फ्लॅट ३०२ च्या लॉगिनमधून फ्लॅट ५०४ ची पावती, मोबाइल नंबर आणि पॅन दिसतो, कोणताही सभासद सगळ्या सभासदांची माहिती मिळवू शकतो.’ सोबत रिक्वेस्टची कर्ल आज्ञा, कुकी खोडून; आलेला रिस्पॉन्स; आणि यायला हवा होता तो आकडा. एवढे असेल तर सेक्रेटरीला गांभीर्य कळते आणि प्रोग्रामरला दोष दोन मिनिटांत स्वतः पाहता येतो. प्लेराइट किंवा सेलेनियम यांची खरी गरज इथे लागते. ‘३०२ ने ५०४ ची पावती मागितली तर ४०३ आलाच पाहिजे’ ही चाचणी लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या प्रत्येक बदलाबरोबर ती आपोआप चालेल. सहा महिन्यांनी नव्या प्रोग्रामरने तो पहारा चुकून काढून टाकला तर त्याच दिवशी कळेल.

‘दुरुस्त केले’ असा निरोप आल्यावर पडदा पाहून सही करू नका. जुनी कर्ल आज्ञा नव्या कुकीसह पुन्हा चालवा. मग त्याच पावतीची बाकीची दारे ठोठवा: पीडीएफ उतरवण्याची लिंक, ‘ईमेलने पाठवा’चे बटण, मोबाइल अ‍ॅप ज्या पत्त्याशी बोलते तो पत्ता, एक्सेलमध्ये काढायची यादी. पावतीच्या पानावर आता ४०३ येत असेल. पीडीएफची लिंक बहुधा दुसऱ्या कोणी, दुसऱ्या फाइलमध्ये लिहिलेली असते. तिथे क्रमांक बदलून पाहा.